वन्संची टाळी

सोलापुरात अशी एकही मोठी भिंत नसेल, जिने आमच्या थोरल्या वन्संची टाळी ऐकलेली नाही. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण आर्किटेक्ट. बंगले, दुकानं कधी बांधली नाहीत. वाचनालयं, संगीताच्या शाळा आणि नाट्यगृहं एवढंच. कुठल्याही दारातून आत शिरल्या की आधी एक टाळी वाजवायच्या आणि मान तिरकी करून आवाज कसा परत येतो ते ऐकायच्या. सात रस्ता चौकातल्या माझ्या माहेरी मला बघायला आल्या तेव्हाही टाळी वाजली. माझ्या वडिलांना वाटलं, पसंती झाली. त्यांनी लगेच पेढे मागवले. वन्सं म्हणाल्या, "हॉल लई घुमतोय की. पडदे लावा." मग माझ्याकडे बघितलं. सांत्वनाला गेलेल्या घरातही त्यांना राहवत नसे, आणि मला पदराआड तोंड लपवावं लागे.

शिकायला मोठ्या शहरात राहून आल्या, पण बोली सोडली नाही. साइटवर कुणी "साहेब कुठायत?" विचारलं की, "मीच साहेब. बोल." मूळ घर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं, त्यामुळे राग आला की कानडी. 'साकु', म्हणजे पुरे, असं त्यांनी म्हटलं की पुढे बोलायची सोय नसे.

सोलापुरातलं नवं नाट्यगृह हा त्यांचा जीव की प्राण. भिंती उभ्या राहिल्यावर समितीच्या अध्यक्षांना आतून चकचकीत ग्रॅनाइट हवासा वाटू लागला. "बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत, मॅडम."

"मग दागिन्यांचं दुकान काढा. दगडानं आवाज घुमतोय. हितं शेवटच्या रांगेतल्या बाईला नाटक ऐकू आलं पायजे."

"ग्रॅनाइट नसेल तर तुम्हीही नाही. दुसरा आर्किटेक्ट आणू."

वन्सं तडक घरी आल्या आणि माझं कपाट उपसायला लागल्या. माझ्या लग्नातल्या चादरी, पाहुण्यांच्या चादरी, मग शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्याही. सोलापुरात चादरींना काय तोटा! दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षांना सभागृहात पार मागे खुर्ची टाकून बसवलं. आधी मोकळ्या भिंतींमध्ये रंगमंचावरून बोलून दाखवलं. शब्दात शब्द मिसळून नुसता गलबला झाला. मग भिंतींवर सगळ्या चादरी टांगल्या आणि वन्सं रंगमंचावरून साध्या आवाजात म्हणाल्या, "अध्यक्षांना नाटकातलं काय बी कळत न्हाय."

"मला ऐकू येतंय हं!" अध्यक्ष मागून ओरडले.

"मग झालं की. साकु!"

ग्रॅनाइट बाहेरच्या पायऱ्यांना गेला, आत लाकडी पट्ट्या लागल्या, आणि माझ्या चादरी सिमेंटसकट परत आल्या. उद्घाटनाला वन्संना मंचावर कुणी बोलावलं नाही. मला रडू आलं. त्या मात्र ताठ मानेने शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. "माझी जागा हितंच हाय," म्हणाल्या.

आता त्यांना कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी दिलेलं मशीन डबीतच पडून आहे. 'मशीन लावून ऐकलं तर माझ्या भिंतींनी काय केलं?' असं विचारतात. दारात टाळी अजून वाजते, पण मान तिरकी करून त्या हल्ली माझ्या तोंडाकडे बघतात. आवाज घुमला की नाही, ते मी मान हलवून सांगते.

परवा आम्ही त्यांच्या नाट्यगृहात नाटकाला गेलो होतो, शेवटच्या रांगेत. रंगमंचावर एक मुलगी अगदी हळू रडत होती. अंधारात वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं. "हितपर्यंत येतंय न्हवं गं?"

मुलीचा हुंदका न् हुंदका ऐकू येत होता. मी वन्संच्या तळहातावर हलकेच टाळी दिली.