एकाच ड्रममध्ये दोन औषधं

मला वास फार लवकर येतो, आणि वासाच्या मागोमाग काळजी. गॅस बंद केल्यावरही मी शेगडीपाशी नाक खुपसून येते. शेजारी फिनेल सांडलं तरी माझ्या जिवाची घालमेल होते. नवरा म्हणतो, "तू शाळेत शिकवतेस की आग विझवायच्या गाडीवर आहेस?" मी धुळ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. इतकी वर्षं शिकवून मला एवढं कळलंय की जगातल्या बहुतेक वस्तू एकमेकींत मिसळल्या तरी काही बिघडत नाही, आणि ज्यांचं बिघडतं त्या नेमक्या आपल्या माणसांच्या हाताशी असतात.

माझं माहेर सावद्याजवळ. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, मळ्यातच राहतात. चारी बाजूंनी केळी. आबांनी सत्तरी ओलांडली, तरी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. त्यांचा जगावरचा सगळा राग विजेच्या नावावर जमा आहे. शेतीची लाइट ठरावीक तास येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मध्येच ती गेली की आबा खोलीतून तरातरा बाहेर येतात, खांबाकडे बघतात आणि ओरडतात, "अरे तुमच्या तारेले आग लागो, तुमच्या खांबाले वाळवी लागो, तुमच्या लेकाच्या लग्नात लाइट जावो!" खांब लोखंडाचा आहे, पण ते कोण सांगणार. हे सगळं एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. शेजारच्या मळ्यातले लोक त्यावरूनच समजायचे की लाइट गेली.

आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. ठिबकच्या नळ्यांच्या बारीक छिद्रांत त्यातला क्षार साठतो आणि झाडाच्या बुडाशी थेंब पडेनासा होतो. म्हणून वर्षातून कधीतरी मोटारीच्या खोलीतल्या ड्रममधून त्या नळ्यांत पातळ केलेलं ॲसिड सोडतात. क्षार विरघळतो. नळीत शेवाळ धरलं असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडतात. ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या दिवशी करायची, आणि मध्ये नळ्या साध्या पाण्याने धुऊन काढायच्या. पण आमच्याकडे फवारणीच्या पंपात कीड मारायचं औषध आणि झाडाला जोर यायचं औषध एकत्र घालायची सवय साऱ्या गावाला आहे. एका फेरीत दोन कामं होतात, मजुरी वाचते. आबांचं अख्खं आयुष्य त्या सवयीत गेलं.

त्या दिवशी मी आठवीच्या वर्गात मिश्रण शिकवत होते. मिश्रणातले पदार्थ आपापले गुण सोडत नाहीत, त्यांना पुन्हा वेगळं करता येतं, असं फळ्यावर लिहिलं. मग वायू कसा पसरतो ते दाखवायला टेबलावर अत्तराची कुपी उघडून ठेवली आणि ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा असं सांगितलं. पहिल्या बाकावरचे हात वर झाले, मग दुसऱ्या, मग मागचे. मुलांना मजा वाटली. मलाही वाटली.

मधल्या सुट्टीत मी नळाजवळच्या कडुनिंबाखाली उभी राहून रोजच्यासारखा आबांना फोन लावला. मागे मोटार घुरघुरत होती.

"ठिबकच्या नया पार तुंबल्या व माय," आबा ओरडून म्हणाले. "उद्यापासून रातची लाइट हाये. आज दोन्ही कामं उरकवतो."

"दोन्ही म्हणजे?"

"ॲसिड अन् पावडर. कायले दोनदा खटाटोप करायचा? ड्रमात ॲसिड ओतेल हाये, आता पावडर सोडतो. दोन्हीले जायचं त्याच नयीत."

"आबा, थांबा! पावडर टाकू नका! आबा!"

"काय? ऐकू नी येत. मंग करतो फोन."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. वाजत राहिला. आबा कामाला लागले की सदरा खिळ्याला टांगतात आणि फोन त्याच्या खिशात. मी पुन्हा लावला, आणि पुन्हा. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर पडली की ते मिश्रण राहत नाही. त्यातून क्लोरीन सुटतो. पिवळट हिरवा, हवेपेक्षा जड, खोलीत तळापासून साचत वर येणारा. छातीतल्या ओलाव्यात तो विरघळला की तिथे पुन्हा ॲसिड तयार होतं. मला हे सगळं तोंडपाठ होतं आणि फोन नुसता वाजत होता.

शाळेतल्या सेविका मावशी घागर भरत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी घागर खाली ठेवली. "काय व्हयनं व बाई? बठ्ठं बरं शे ना?" मी हातातल्या फोनकडे बोट दाखवलं.

मग आईला फोन लावला. ती घरात शेंगा सोलत होती. "आई, पळत मोटारीच्या खोलीकडे जा. फोन बंद करू नको." तिने का म्हणून विचारलं नाही. चपला वाजल्या, तिचा श्वास वाजला, मग मोटारीची घरघर जवळ येत गेली.

"दार लावेल हाये," आई म्हणाली. पावडर वाऱ्याने डोळ्यांत उडते म्हणून आबांनी दार नुसतं लोटून घेतलं होतं. "फटीतून वास येऊ राह्यला व. नाक जळते नुस्तं. अहो! अहो, ऐकता का?"

आतून उत्तर नाही.

"मी जाते आत."

मला ती दिसत होती. दार ढकलणारी, आणि ते खाली पडलेले असले तर पदर कमरेला खोचून त्यांच्यावर वाकणारी. वाकली की तिचं तोंड थेट त्या वायूत. विहिरीत, टाकीत एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही आतच मरतात, हे मी दर वर्षी पोरांना सांगते. सांगताना माझा आवाज नेहमीचाच असतो.

"आई, आत जायचं नाही."

"मंग काय त्याहीले तसंच राहू देऊ?"

ती आत गेली नाही आणि ते आत पडलेले असले, तर मी आबांना माझ्या शब्दाने मारलं. ती गेली, तर दोघांनाही. मी धुळ्यात कडुनिंबाखाली उभी होते, पोरं भोवती पकडापकडी खेळत होती, आणि मला रडायलासुद्धा वेळ नव्हता.

"आई, खांबावरचा मेन स्विच बंद कर."

"अं?"

"मोटार बंद पाड. लाइट गेली की ते बाहेर येतात. बंद कर!"

खांब खोलीच्या बाहेर, दारापासून लांब आहे. खटका पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मोटार आधी सुरात कण्हली, मग उतरत उतरत थांबली. केळीच्या पानांची सळसळ येऊ लागली. मी आबांच्या शिवीची वाट बघत होते. देवाला मी तसं फारसं काही मागत नाही, पण त्या वेळी मी मागितलं. त्यांना राग येऊ दे, म्हटलं. त्यांना नेहमीसारखा राग येऊ दे.

दार भिंतीवर आपटलं. मग खोकला, असा की ऐकून माझी छाती दुखली. मग आबांचा आवाज, घोगरा, चिडलेला. "अरे तुमच्या तारेले..." आणि पुन्हा खोकला. पुढचं आलंच नाही.

"वाऱ्याच्या अंगाला ने त्यांना!" मी किंचाळले. "तोंड धू! डोळे धू! कपडे काढ अंगावरचे!" आईने फोन बहुतेक बांधावर टाकला असावा, कारण त्यानंतर मला फक्त पाखरं ऐकू येत होती.

धुळ्याहून सावद्याला जायचं म्हणजे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. नवऱ्याने गाडी काढली. शेजारच्या मळ्यातल्यांनी आबांना फैजपूरच्या दवाखान्यात नेल्याचं वाटेत कळलं, तरी माझं मन त्या खोलीतच होतं. खोली केवढी, छप्पर पत्र्याचं, खिडकी एक आणि तीही पोत्याने झाकलेली, ड्रम दारापासून किती लांब, असा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडत होते आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. नवरा म्हणाला, "ते बाहेर आलेत, आता कशाची भीती?" मी त्याच्यावर खेकसले. बाहेर माणूस आला होता. आत गेलेलं बाहेर आलं की नाही, हे त्याला कुठून माहीत?

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जरा मऊ शब्दांत. आज बरं वाटलं तरी इथेच राहायचं. छातीत पाणी उशिरानेही भरू शकतं. आबा नाकावर प्राणवायूची नळी लावून कॉटवर बसले होते. डोळे लालबुंद, आणि चेहऱ्यावर घोर अपमान. आई त्यांच्या पायाशी, अजून शेंगांची टरफलं लुगड्याला चिकटलेली.

"तुम्हाला वास आला नाही का?" मी विचारलं.

"आला ना. वास आला म्हनजे दवा जोरात हाये, असं वाटलं मले."

"मग बाहेर यायचं!"

"ड्रम तसाच टाकून? लाइट चालू हाये अन् मी बाहेर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. मग दम घेऊन म्हणाले, "मी एक इचारू का तुले? दोन्ही दवा त्याच नयीत जायच्या, तर ड्रमात एकत्र कायले नी चालत?"

मी आठवीच्या मुलांना सांगते तसं सांगायला सुरुवात केली, की मीठ पाण्यात विरघळतं तसं हे नसतं, हे एकमेकांना बदलून टाकतात. निम्म्यातच मी सगळ्यांसमोर रडले. आबा घाबरून गेले. "बरं, नी करत, नी करत," म्हणत ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. त्यांच्या छातीचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, तळाला चिकटलेलं दूध खरवडावं तसा. सकाळी डॉक्टरांनी तपासून घरी सोडेपर्यंत मी त्या आवाजापासून हलले नाही.

आता ॲसिड वेगळ्या महिन्यात आणि पावडर वेगळ्या महिन्यात, तीही उघड्यावर, झाडाखाली. तरी माझी काळजी गेलेली नाही आणि आईची तर मुळीच नाही. तिने एक रीत पाडून घेतली आहे. आबा मोटारीच्या खोलीत जरा जास्त वेळ राहिले की ती भाजी तोडायला म्हणून निघते आणि गुपचूप खांबावरचा खटका पाडते. आबा बाहेर आलेले दिसले की थोड्या वेळाने पुन्हा चालू करते. आबांना वाटतं, लाइटवाले हल्ली फक्त त्यांच्याच वाईटावर आहेत. सगळ्या सावद्यात ते हे सांगत फिरतात.

मधल्या सुट्टीत मी फोन लावला की कधी कधी आई नुसतं "ऐक" म्हणते. खटका पडतो. मोटार थांबते. दार आपटतं. मी कडुनिंबाखाली कानाला फोन घट्ट लावून उभी असते.

"अरे तुमच्या तारेले आग लागो," आबा ओरडतात, आणि थांबतात. पूर्वी कधी थांबत नव्हते. श्वास आत ओढल्याचा आवाज येतो. "तुमच्या खांबाले वाळवी लागो," आणि पुन्हा थांबतात, जास्त वेळ. पानं सळसळतात.

शिवीतल्या त्या लेकाच्या लग्नातली लाइट जाईपर्यंत मी माझा श्वास सोडत नाही.