आधी रेझिस्टर, मग झेनर

दुरुस्ती विभागात जळके पार्ट कुणी लगेच फेकत नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत डबा भरत जातो. किश्शांचंही तसंच होतं बघा! चंदीगडच्या सरकारी वर्कशॉपमध्ये मी बदलीवर होते, तेव्हाचा माझा डबा अजून काही रिकामा होत नाही.

त्यातले निम्मे किस्से बलबीरजींचे. आमचे सीनियर. बोलणं कमी, चहा फार. त्यांच्या पत्नी, म्हणजे भाभीजी, रोपडच्या पलीकडे एका खेड्यातल्या शाळेत शिकवायच्या. रोज बसने जा-ये. पंजाबात बसमधून उतरवून माणसं मारली जात होती, असे ते दिवस. शाळा सोडा म्हटलं की त्या म्हणायच्या, “बच्चे तो आते हैं ना!”

*

शर्मासाहेब नवे बॉस. एकदा हौसेने स्वतःच झेनर डायोड, म्हणजे व्होल्टेज ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा इवलासा पार्ट, लावायला बसले. हवे होते नऊ व्होल्ट, मीटर एकसुद्धा दाखवेना.

“डुप्लिकेट माल है!” साहेब कडाडले.

बलबीरजींनी डायोड काढून फिरवून लावला. नऊ व्होल्ट!

“साहबजी, ये उल्टा लगके ही ड्यूटी करता है.”

त्या दिवसापासून झेनर म्हणजे साहेबांना हिराच; एकेक मोजून कुलपात ठेवू लागले.

*

विभागातला रेडिओ बॅटरीऐवजी विजेवर चालावा म्हणून बलबीरजींनी त्याला एलिमिनेटर करून दिला होता. शहरातली वीज लहरी. व्होल्टेज चढलं की बल्ब डोळे वटारायचा, रेडिओ मात्र मजेत.

“नौ तक झेनर चुप,” त्यांनी मला समजावलं. “ऊपर गया, तो फालतू करंट अपने अंदर से निकाल देता है. पर मॅडम, पहले रेझिस्टर, करंट रोकने वाला! सारा बोझ अकेले पे डालोगे तो जल जाएगा बेचारा.”

संध्याकाळच्या बातम्यांना आम्ही सगळे त्या रेडिओभोवती. रोपडचं नाव आलं नाही की बलबीरजी सगळ्यांना चहा सांगायचे. तसा गोड चहा मी पुन्हा प्यायले नाही.

*

एकदा बलबीरजींकडे जेवायला गेलो, तर त्यांनी फ्रिजचा स्टॅबिलायझर उघडून त्यातलाही झेनर दाखवला!

भाभीजी रोटी वाढता वाढता म्हणाल्या, “शादी के बाद पहली बात भी यही की थी जी! पहले रेझिस्टर, फिर झेनर. मैं घूंघट में सोचूँ, ये दोनों इनके कौन लगते हैं?”

बलबीरजी पगडीपर्यंत लाल झाले.

*

आणि मग तो दिवस. बातम्यांत रोपडच्या रस्त्याचं नाव आलं. एका बसवर गोळीबार झाला होता, बाकीच्या बस जागच्या जागी थांबवल्या होत्या. कुठली बस, ते कुणीच सांगेना.

“आ जाएगी,” बलबीरजी म्हणाले आणि टेबलाशी जाऊन सोल्डरिंग करत बसले. थोड्या वेळाने फट्! धूर. त्यांनी दुसरा झेनर लावला. फट्! पुन्हा तेच. शर्मासाहेबांनी कुलूप काढून झेनरची अख्खी डबी त्यांच्यापुढे सरकवली. मला रडू आवरेना.

अंधारून आलं तेव्हा भाभीजी दारात उभ्या. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आल्या होत्या, अंगभर धूळ. आम्ही सगळे उभे राहिलो. बलबीरजी सोल्डरिंग गन हातात धरून बसलेलेच.

भाभीजींनी टेबलावरच्या काळ्या पडलेल्या झेनरांकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“रेझिस्टर कित्थे ऐ जी?”