पालथी पत्रावळ

माझ्या हातच्या बाफल्यांना नको म्हणणारा माणूस इंदुरात मला अजून भेटायचाय. त्यामुळे त्या दिवशी एका अख्ख्या गावानं नको म्हटलं, तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला होता. ते सगळे बाफले परत आणून आमच्या चाळीत वाटावे लागले, तो भाग वेगळा.

मिल बंद झाली आणि हे घरी बसले. विणाई खात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस, घरात करणार काय? माझ्या डब्यांची झाकणं उघडून उघडून बघायचे. एक दिवस मी म्हटलं, "बघतच आहात, तर कणीक मळा." तिथून आमचं स्वैपाकाचं काम सुरू झालं. आधी बारशी, मुंजी, मग लग्नाच्या पंगती. दाल-बाफल्यांना, म्हणजे डाळ आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या भाजक्या गोळ्यांना, आमचं नाव झालं. पण मिलचा शेवटचा दिवस काही यांच्या मनातून जात नव्हता. मालकाच्या माणसांनी गेटवर सभा घेऊन पेढे वाटले होते. मशिनं दुरुस्त करायचीत, सणानंतर या, म्हणाले. सगळ्यांनी पेढे खाल्ले, टाळ्या वाजवल्या. सणानंतर गेले, तर गेटला कुलूप.

"तोंडात पेढा होता गं. विचारणार काय?" हे म्हणायचे. किती वेळा म्हणाले असतील!

अशात तुकोगंजातल्या एका ऑफिसातून बोलावणं आलं. बेटम्याच्या पुढे एका गावाच्या शेतांखाली तांबं आहे म्हणे, तिथं खाण व्हायची होती. कंपनीला गावजेवण घालायचं होतं. "खाना जम गया, तो खदान का कँटीन आपका, भाभीजी," कंपनीचा माणूस म्हणाला. कँटीन! म्हणजे लग्नसराईची वाट बघणं संपलं, पोरीचं कॉलेज सुटायचं टळलं. परत येताना यांनी स्कूटरवरच बेत केले. "अगं, दोन आचारी तर ठेवावेच लागतील. एक भिया आहे ओळखीचा, एकदम सॉलिड." मी मागे बसून हसत होते, पण खरं सांगायचं तर मनात मीही आचारी ठेवून मोकळी झाले होते.

ठरल्या दिवशी टेंपोत भांडी घालून आम्ही सकाळीच गावात पोचलो. शाळेसमोर मांडव घातला होता. गोवऱ्यांचा विस्तव केला, डाळ चढवली. एरवी खेड्यात आचारी आला की बायका गोळा होतात, तूप किती घालते हे बघायला. इथं कोणी फिरकलं नाही. शेवटी चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"यो जीमण किणको हे, बई?"

मी सांगितलं, जेवण कंपनीचं.

"बणाव, खूब बणाव. पण खावेगा कोई नी."

मग तिनं समजावलं. जेवणं झाली की याच मांडवात सरकारी साहेब येणार होते, गावाला खाण हवी की नको, ते विचारायला. "जिणको लूण खायो, उणका सामे मूंडो कसे खोलां?" ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यासमोर तोंड उघडायचं कसं? त्या गावाची ती रीतच होती. मी चिडले. म्हटलं, अन्नाशी कसलं वैर?

"वैर थारा से नी हे," ती शांतपणे म्हणाली, म्हणजे माझ्याशी नाही. थोड्या वेळानं आमच्या दोघांसाठी पाण्याची घागर आणून ठेवून गेली.

मला वाटलं होतं, तुपाचा वास सुटला की सगळे रांगेनं येतील. आले तसे सगळे. मुकाट्यानं पंगतीत बसले. हे डाळीची बादली घेऊन निघाले, मी बाफल्यांची परात. मी वाकणार, तेवढ्यात पहिल्या माणसानं पत्रावळ पालथी घातली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग ती चाऱ्यावाली बाई. वाळक्या पानांचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला.

"अरे, निदान चाखून तो देखो!" मी ओरडले. कोणी मान वर केली नाही. रडूच यायचं बाकी होतं.

कंपनीच्या माणसाला घाम फुटला. त्यानं आम्हाला बाजूला घेतलं. "आप दोनों बैठ जाइए. कैमरे के सामने दो निवाले, बस. फोटो में कौन किसको पहचानता है? कँटीन पक्का समझिए."

आम्ही बसलो. खोटं कशाला बोलू, जेवायच्याच इराद्यानं बसले मी. पहाटेपासून पोटात काही नव्हतं आणि डोळ्यांसमोर पोरीचं कॉलेज होतं. त्यानं फोटोवाल्याला खूण केली आणि माझेच बाफले घेऊन मला वाढायला आला. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिनं नुसतं सरकून मला मांडी घालायला जागा करून दिली.

आजवर मी ताटात शीत टाकलं नव्हतं. अन्न वाढायला आलेल्याला पाठ दाखवली नव्हती. पण फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला मिलचं गेट दिसलं, पेढ्यांचं खोकं दिसलं. मी पत्रावळ पालथी घातली.

मग मी यांच्याकडे बघितलं. कँटीन गेलं होतं, ते मी यांना न विचारता घालवलं होतं. मग यांनीही आपली पत्रावळ उचलली, सावकाश पालथी ठेवली आणि वर हात दाबून धरला. त्या घटकेला मला हा माणूस जेवढा आवडला, तेवढा लग्नातही आवडला नव्हता.

"भिया, ये क्या कर रहे हो?" कंपनीचा माणूस जवळजवळ किंचाळला.

"कुछ नहीं भाईसाब," हे म्हणाले. "अभी साहब आएँगे, बोलना है. इस बार मुँह में कुछ नहीं रखेंगे."