अक्का थांबायच्या तेव्हा

“ढग भरून आलेत, आन् अक्का म्हणत्यात ऊन लई हाय. कुटं बसल्यात काय की,” दारात विड्या वळणारी बाई शेजारणीला म्हणाली.

“एसीत बसल्यात. त्यास्नी काय कळतंय,” शेजारीण हसली.

खिडकीतल्या रेडिओवर अक्कांच्या कालच्या कार्यक्रमाचं पुनःप्रसारण चालू होतं. मी खाली मान घालून पुढे निघाले, पण त्या बाईने मला रेडिओ स्टेशनवरची म्हणून ओळखलं. रविवारी तिच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. पहिली ओटी आपणच भरू, असं अक्कांनी कबूल केलं होतं. तेवढी आठवण करा म्हणाली. मी मान हलवली.

अक्का वारल्या, त्याला महिना होत आला होता.

आमचं कम्युनिटी रेडिओ स्टेशन दोन खोल्यांचं. सकाळी भक्तिगीतं, मग बाजारभाव, डॉक्टरांचा सल्ला, दुपारी विडी कामगार बायकांसाठी अक्कांचा कार्यक्रम, संध्याकाळी कन्नड-तेलुगू गाणी. बहुतेक सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं. मी कॉम्प्युटरवर एकामागून एक लावत जाते. माइकसमोर कधीच बसले नव्हते. शाळा इंग्रजी, माझं मराठी कुणी ऐकू नये असंच मला वाटायचं.

अक्का एका बैठकीत पुष्कळ भाग बोलून ठेवायच्या. त्या गेल्यावर आमचे साहेब म्हणाले, आहेत तेवढे भाग चालू देत, सांगायची घाई कशाला.

अक्कांची एक पद्धत होती. बोलता बोलता विचारायच्या, “ऐकताय की, बायांनो?” आणि खरंच थांबायच्या. साहेबांनी एकदा ती शांतता कापायला लावली, तर दुसऱ्या दिवशी फोन आले: अक्का रागावल्यात का, आमचं उत्तर न ऐकताच पुढं जातात. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

मग अक्का गेल्यानंतरच्या आठवड्यात मी कामासाठी त्या विडीवाल्या बाईच्याच गल्लीत होते. दुपारची वेळ, पानं कापणाऱ्या कात्र्यांचा तेवढा आवाज. घराघरातल्या रेडिओवरून अक्का एकदम म्हणाल्या, “ऐकताय की, बायांनो?” मांडीवरच्या सुपातून नजर न काढता दारादारातल्या बायका उत्तरल्या, कुणी मराठीत, कुणी तेलुगूत. त्यांचं बोलणं संपेपर्यंत अक्का थांबल्या. मग म्हणाल्या, “हां, मग सांगते.”

 

आणि आता, ढगांच्या त्या दिवशी, शेवटचा भाग होता. साहेब बाहेरगावी गेले होते. भाग संपला की गाणी लाव, एवढंच सांगून. मी हेडफोन लावून बसले. काचेपलीकडे अक्कांची खुर्ची, पाठीवर त्यांची उशी तशीच.

“ऐकताय की, बायांनो?”

शांतता. तिच्यात कुठल्या तरी जुन्या दुपारचा पंखा फिरत होता. अक्कांनी श्वास घेतला, अगदी माझ्या कानाशी. गल्लीत आत्ता सगळ्या बोलत असतील, ती दारातली बाईसुद्धा.

“हां. मग उद्या भेटू,” अक्का म्हणाल्या आणि भाग संपला.

मी गाणं लावलं नाही. आत जाऊन उशीला धक्का न लावता खुर्चीच्या कडेवर टेकले, माइक चालू केला. अक्का थांबायच्या तेवढा वेळ तसाच गेला. मग हेडफोनमध्ये एक अनोळखी, बारीक आवाज ऐकू आला. तो माझा होता.

“बायांनो, अक्का वारल्या. महिना होत आला. रविवारी त्यांची वाट बघू नका.”