पाहिल्याची भेट

आपल्या दक्षिणेतल्या तराज शहरात कुणाचं लग्न ठरलं की मेंढ्या किती कापायच्या ते नंतर ठरायचं. उलबोसिन त्या दिवशी मोकळी आहे का, ते आधी बघायचे. मेजवानीत हातात माइक घेऊन पाहुण्यांना हसवायचं, रडवायचं, रुसलेल्या मामाला उठवून नाचायला लावायचं, हा तिचा धंदा. आणि त्या धंद्यातलं अर्धं भांडवल म्हणजे तिची जाडी.

ती हॉलच्या दारात यायची आणि दारातच अडकल्याचं सोंग करायची. तिचा नवरा काम्बार कीबोर्डवर बसलेला असायचा. तो ओझ्याच्या गाढवाची धून वाजवायचा आणि दुसऱ्या माइकवरून म्हणायचा, "यजमान, दार रुंद करा, नाहीतर माझी बायको अर्धी आत, अर्धी बाहेर राहील." मग ती धापा टाकत आत यायची. "माझ्या बापाला चार मुली झाल्या, पाचवी मी. म्हणून नाव ठेवलं उलबोसिन, म्हणजे 'मुलगा होवो'. ज्या बाईने जन्मतःच बापाला फसवलं, ती तुम्हाला काय सोडणार?" इथपर्यंत हॉल तिच्या खिशात आलेला असायचा.

जाड बाई स्वतःवर हसली की लोकांना मोकळं वाटतं. आपल्यालाही परवाना मिळाला असं ते समजतात. उलबोसिनने तो परवाना वीस वर्षं दिला, पण आपल्या हाताने दिला. कोणत्या विनोदावर थांबायचं ते तीच ठरवायची आणि काम्बार तिच्या डोळ्यांकडे बघून वाजवायचा.

तिची थोरली जाऊ शार्बान हिला हे सगळं डोळ्यांत खुपायचं. उलबोसिनने नवं घर बांधलं तेव्हा शार्बान चहा पिता पिता म्हणाली होती, "चरबी पेलावी ती मेंढीनेच, बाई. माणसाला ती पेलत नाही." आपल्याकडे ही म्हण पैशाची मस्ती आलेल्यांना ऐकवतात. उलबोसिन हसून म्हणाली, "जाऊबाई, मला दोन्ही चरब्या पेलतात." तेव्हा खरंच पेलत होत्या.

मग गुडघ्यांनी संप पुकारला. झोपेत श्वास अडकायला लागला. काम्बार तिच्या शेजारी जागा राहून तो श्वास ऐकायचा आणि सकाळी लाल डोळ्यांनी म्हणायचा, "एखाद्या रात्री तो परत यायचाच नाही, मग मी काय करू?" त्याच्या त्या डोळ्यांसाठी ती मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, जठर कापून लहान करू. तिने विचारलं, "आणि एवढी कातडी कुठे जाईल?"

"कातडी हुशार असते," तो म्हणाला. "शरीर जाईल तशी ती मागोमाग येते."

ज्याने आयुष्यात एवढी कातडी अंगावर वागवली नव्हती, त्याच्या शब्दावर बाईने विश्वास ठेवला.

दीड वर्षात ती निम्मी झाली. गुडघे मोकळे झाले, श्वास मोकळा झाला, काम्बार घोरायला लागला. आणि आळीतल्या बायका कोरिमदिक, म्हणजे पाहिल्याची भेट, घेऊन यायला लागल्या. नवी सून असो, बाळ असो, गाडी असो, नवी वस्तू पहिल्यांदा रिकाम्या हाताने बघायची नसते. कुणी रुमाल आणला, कुणी मिठाई, कुणी अंगरखा. उलबोसिन पायघोळ बाह्यांच्या झग्यात गिरकी घेऊन दाखवायची आणि भेट घ्यायची. आनंद खोटा नव्हता. पण झग्याच्या आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं.

कातडी मागोमाग आली नव्हती. ती जिथे होती तिथेच राहिली, कापूस काढून घेतलेल्या खोळीसारखी. पोट मांडीवर लोळायचं. दंडांखाली झोळ्या लोंबायच्या; टाळी वाजवली की त्या आपली वेगळी टाळी वाजवायच्या, म्हणून तिने माइकवर टाळ्या वाजवणं सोडलं. पाठीवर घड्या, घड्यांत घाम, घामाने पुरळ आणि पुरळाचा वास. ती फडक्याच्या पट्ट्या घड्यांत खोचून वर घट्ट कपडा चढवायची आणि चार तास उभी राहायची. शनिवारी मैत्रिणींबरोबर हमामात जाणं तर केव्हाच बंद झालं होतं. आधीची जाड उलबोसिन उघडीवाघडी बाकावर बसून सगळ्यांची पाठ घासून द्यायची. बारीक उलबोसिनला मात्र दर शनिवारी डोकेदुखी व्हायची.

ती पुन्हा डॉक्टरकडे गेली. तो वजनाचा काटा बघून खूश झाला. कातडीचा विषय निघाल्यावर म्हणाला, "ते वेगळं ऑपरेशन. ते सौंदर्याचं झालं. तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"तुम्ही सांगितलं होतं की ती हुशार असते."

"आधी जीव महत्त्वाचा की कातडी?" डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बसमध्ये तिला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःच्या अंगाचा आला. एवढी वर्षं ज्याला चारलं, मिरवलं, ज्याच्या जोरावर भाकरी कमावली, त्या अंगानेही ऐन वेळी हात वर केले होते.

एका दुपारी पाठीवरच्या घडीतून रक्त आलं. तिथे तिचा हात पोचत नव्हता. दीड वर्ष ती काम्बारसमोर दिवा मालवून कपडे बदलत होती. त्या दिवशी तिने त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि पाठमोरी उभी राहिली. लाज लपवायची तिला एकच रीत माहीत होती, ती म्हणजे विनोद. "फुकट बघायचं नाही हं. आधी कोरिमदिक द्या."

काम्बारने खिसे चाचपले. घरात खिशात काय असणार? तो म्हणाला, "माझी जीभ देतो. मी जे बघेन ते तिच्यावर कधी येणार नाही."

"चालेल," ती म्हणाली आणि झगा खाली सोडला.

तो जवळ आला. मग त्याने घडी उचलली, कोमट पाण्याने पुसली, फुंकर घालून वाळवली आणि पावडर लावली. वाद्य वाजवणाऱ्याची बोटं ती, हलकी होती. उलबोसिन भिंतीकडे तोंड करून रडली. आपल्याला जगात एक माणूस पुरेसा आहे असं तिला वाटलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तोच पावडर लावायचा. बाकी जगाला काही कळू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

इकडे धंदा बसत चालला होता. दारात अडकायचं सोंग आता चालत नव्हतं. बापाला फसवल्याचा विनोद बारीक, सुरकुतल्या तोंडाची बाई सांगायला लागली की लोकांना हसण्याऐवजी काळजी वाटायची. बायका कुजबुजायच्या, कोणता आजार झाला असेल? शार्बान तर उघड म्हणायची, "अगं, खात जा जरा. मयताच्या घरात हसवायला आल्यासारखी दिसतेस." बोलावणी कमी झाली. परतताना काम्बार एकदा गाडीत म्हणाला, "त्यांना तुझ्यात हसण्यासारखं काही सापडत नाहीये."

"मी शोधतेय," ती म्हणाली.

उन्हाळ्यात शार्बानच्या व्याह्यांकडे, मेंढ्यांच्या एका बड्या व्यापाऱ्याकडे, नातवाची दोरी कापायची मेजवानी होती. वर्षाच्या पोराच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधतात, कुणी भल्या माणसाने ती कापायची आणि मग पोराने पहिली पावलं टाकायची. भर दुपारची वेळ, हॉलमधले पंखे गरम हवा फिरवत होते. उलबोसिनच्या पट्ट्या भिजून चिकटल्या होत्या. ती तासभर झटली. लोक फोनमध्ये डोकं घालून मांस खात होते. यजमानाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. काम्बारने यजमानाकडे पाहिलं.

मग त्याने दुसरा माइक उचलला.

"मंडळी, तुम्हाला वाटतं माझी बायको अर्धी गेली? कुठे गेली? अर्धी झग्यात घडी घालून ठेवलीय. पोटाची एक घडी, पाठीच्या दोन. रोज संध्याकाळी पावडर लावून मीच नीट लावून ठेवतो. पुन्हा जाड झाली तर नवी शिवायला नको."

हॉलमध्ये हशा फुटला. फोन खाली गेले. कुणाच्या घशात मांस अडकलं, कुणी टेबल बडवलं. शार्बान रुमालाने डोळे पुसत होती. मागून एक पुरुष ओरडला, "दाखव की, उलबोसिन. कोरिमदिक देतो." त्याने खरंच खिशात हात घातला. हॉल आणखी हसला.

काम्बार तिच्याकडे बघत होता. किती महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर तो जुना उजेड होता. आता ती पुढची ओळ टाकेल आणि मी धून मारेन, अशी त्याची बोटं तयार होती. केसाने गळा कापला होता आणि कापणाऱ्याला ते कळलंही नव्हतं.

उलबोसिनने माइक तोंडाशी नेला. धंद्याची सवय, आवाज हलला नाही.

"याचं कोरिमदिक एकाने दिलं होतं," ती म्हणाली. "ते त्याने आत्ताच तुमच्यासमोर परत घेतलं."

काही जण सवयीने हसले. पण बायका थांबल्या. दिलेलं कोरिमदिक परत घेणारा माणूस कुणी पाहिला नव्हता, आणि ती कुणाकडे बघत होती ते सगळ्यांना दिसत होतं. काम्बारची बोटं कीबोर्डवर पडली आणि भलताच सूर निघाला.

तिने काम मात्र पुरं केलं. पोराला गालिच्यावर उभं केलं, दोरी बांधली आणि शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य म्हटलं: "ही दोरी काळी-पांढरी का? पोराने मोठं होऊन कुणाची दोरी ओलांडू नये, दुसऱ्याचं ते त्याला न विचारता उचलू नये, म्हणून." दोरी कापली, पोर चार पावलं चाललं आणि आजीने मिठाई उधळली. उलबोसिनने टाळ्या वाजवल्या. झोळ्यांनीही वाजवल्या. आता लपवून काय करायचं होतं?

निघताना यजमानाने काम्बारचा हात दाबून सांगितलं की थोरल्या नातीच्या लग्नालाही तुम्हीच या. गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा काम्बार म्हणाला, "हसले की नाही? मेलेला हॉल उठवला. मी जे केलं ते आपल्या दोघांसाठीच केलं."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"वीस वर्षं तुझ्या चरबीवर बोललो, तेव्हा तुला चाललं. आता एकाच विनोदाने काय झालं?"

"चरबी सगळ्यांना दिसत होती," ती म्हणाली. "ती मी दाखवत होते. हे फक्त तुम्हाला दिसलं होतं."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "चुकलं माझं. पण पोट कसं भरायचं, ते तरी सांग." तेही खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

घरी पोचले तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. उलबोसिनने आतल्या खोलीत जाऊन पट्ट्या सोडल्या. दिवसभराच्या घामाने पाठीला आग लागली होती. दारावर टकटक झाली. काम्बार पावडरचा डबा घेऊन उभा होता, रोजच्यासारखा, झाकण आधीच उघडून.

आपल्या दक्षिणेत नवऱ्याला बायको मरेपर्यंत अहो-जाहो करते. उलबोसिनने डबा जाईल एवढंच दार उघडलं, तो घेतला आणि म्हणाली, "बघायचं तर कोरिमदिक लागतं. तुझ्याकडे आता देण्यासारखं काय उरलंय?"

तो 'तू' ऐकून काम्बार एक पाऊल मागे सरला. तिने दार लावलं.

पोटाची घडी तिने स्वतः पुसली. मांड्या, दंड, कुशी, सगळं झालं. मग उजवा हात खांद्यावरून मागे नेला, डावा खालून वर नेला. दोन्ही हातांच्या मध्ये पाठीचा एक पट्टा राहत होता, तिथे कुठल्याच बाजूने बोटं पोचेनात. तिने दोन-तीनदा करून पाहिलं. शेवटी डब्याचं झाकण लावलं आणि तो पट्टा तसाच जळत ठेवून ती पालथी झोपली.