चिंचेच्या पाण्यातल्या कवड्या

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, तरी प्रत्येक गोठ्यात कवड्या होत्या. कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगाईचं घर, हे मला शाळेत कळलं. घरी येऊन सांगितलं, तर आत्या म्हणाली, "गोगलगाय तं धानाच्या बांधीत रायते. कवडी देवाची असते." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घासण्या-पुसण्याची तिला भारी हौस. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं बैलांच्या पितळी घंट्या चिंचेच्या पाण्यात भिजत घातल्या, आणि त्यातच कवड्यांचा पट्टाही. दर पोळ्याला तो आमच्या म्हाताऱ्या बैलाच्या कपाळावर बांधत.

"कवड्या काऊन टाकल्या, आत्या?"

"पितळ उजळते, मंग कवडी नाई उजळत?"

संध्याकाळी घंट्या लखलखीत निघाल्या. कवड्यांची मात्र चिंचेच्या आंबटानं सगळी तकाकी गेली होती. हात लावला की बोटांना पांढरी भुकटी लागे. माझं डोकंच फिरलं.

बैलाचे गुडघे पार गेले होते, त्याला धरून उठवावं लागे. हा त्याचा शेवटचा पोळा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी त्याचे खांदे हळद-तुपानं शेकले, रीतीप्रमाणे त्याला "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, आणि मग पट्टा पाहिला.

"बाई, हे काय करून ठेवलं?"

सकाळी मला कवड्या मागायला गावभर पिटाळलं. कोण देणार? ज्याच्या त्याच्या बैलाच्या कपाळावर चढलेल्या.

"तसाच न्या ना, बाबा," मी म्हटलं.

"उघड्या कपाळानं, नाई तं ह्या भुरकट कवड्या बांधून? दृष्ट लागंल. अन् गाव हासंल ते येगळं."

समोर बिनकुंकवाची आत्या बसली होती, याचंही भान त्यांना नव्हतं. ती खाली मान घालून पुसलेलीच घंटी पुसत राहिली. तिची कीव करावी की तिच्यावर चिडावं, मला कळेना.

मी नेते म्हटलं, तर सगळे हसले. तोरणाखाली बैल घेऊन पोरगी उभी राहिलेली कुणी पाहिली होती? बाबा जोडीतला दुसरा बैल घेऊन निघून गेले.

तिकडे डफडं वाजायला लागलं, आणि म्हातारा आपला आपण उठला. दाव्याला हिसके देत फाटकाकडे तोंड करून उभा राहिला. आत्यानं पुरणपोळी पुढे केली, त्यानं हुंगलीसुद्धा नाही. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत, लोक परतेपर्यंत तो तसाच उभा होता. पुढच्या पोळ्याला तो नव्हता.

मला अजून संताप येतो. त्या कवड्या गावाला दिसायच्या. त्याला स्वतःच्या कपाळावरचं काय दिसणार होतं? त्याला नुसतं जायचं होतं.