मदरबोर्ड जळाला, असं रजिस्टरमध्ये लिहिलंय

सोमवार, सकाळी पावणेअकरा. सेक्टर १७, दुसरा मजला, आमच्या वर्तमानपत्राचं ब्युरो ऑफिस. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर पोट उघडून आडवा पडला होता आणि शेजारी हार्डवेअरवाला बलजीत चहा पीत होता.

बातम्यांची रद्दी होते. किस्से मात्र साठत जातात, कारण ते कोणी छापत नाही आणि कोणी त्यांचा खुलासाही पाठवत नाही. चंदीगडच्या त्या एका आठवड्याचे माझ्याकडे इतके साठलेत की सांगून मोकळी होते. भांडणं सगळी हिंदी-पंजाबीत झाली. मी मराठीत सांगते, नाहीतर अर्धी मजा शिव्यांतच जाईल.

"मॅडमजी, मदरबोर्ड जळाला होता. नवा टाकला," बलजीत म्हणाला.

"शुक्रवारी संध्याकाळी मी बंद केला तेव्हा ठणठणीत होता."

"शनिवारी तक्रार आली, जी. रजिस्टरमध्ये आहे."

त्याने बटण दाबलं. स्क्रीन निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा निळा. पुन्हा बंद.

"डिस्कवरची सिस्टिम जुन्या बोर्डाला शोधतेय," बलजीतने समजावलं. "घरात नवी सून आलीय आणि सासू बोलत नाहीये."

*

अकरा वाजता नोटीस आली. गेल्या आठवड्यात माझी बातमी छापून आली होती: इंडस्ट्रियल एरिया फेज टू मध्ये सायकलचे पार्ट बनवायला घेतलेल्या प्लॉटवर सेठीसाहेब लग्नाचा हॉल चालवतात. फोनवर त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, "मशीनं विकली. आता लग्नं लावतो. लिहा बिनधास्त."

नोटिशीत लिहिलं होतं, की आमचे अशील या बाईंशी आयुष्यात कधीही बोललेले नाहीत. पहिल्या पानावर माफी छापा.

ब्युरो चीफ चोप्रासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गुरुवारी तीन वाजता त्यांचा वकील येतोय. त्याला मुलाखतीच्या नोट्स दाखवा, नाहीतर माफी जाईल."

"माझ्या नावाने माफी? वीस वर्षांत एक ओळ मागे घेतलेली नाही मी."

"म्हणून तर म्हणतोय यार, नोट्स दाखवा. वही कुठेय?"

वही नव्हती. फोन खांद्यात धरून मी सगळं थेट कॉम्प्युटरवर टाइप करायचे आणि वहीवाल्या सहकाऱ्यांना मागासलेले म्हणायचे. तारीख-वेळेसकट नोंद राहते, कागद हरवतो, वगैरे व्याख्यानं मी पूर्ण ब्युरोला दिली होती. सेठीसाहेबांनाही फोनवर दिलं होतं.

चोप्रासाहेबांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "तुमचा तो कागद हरवण्याचा मुद्दा काय होता?"

*

आता गोयलजींची ओळख करून द्यायला हवी. गोयलजी म्हणजे ॲडमिन. त्यांच्याकडे एक लाल रजिस्टर होतं आणि त्यातल्या नोंदीशिवाय आमच्या ऑफिसात पानही हलत नसे. पेनाची रिफिल हवी तर जुनी परत करा, सही करा. माउसच्या पोटातला रबरी गोळा हरवला म्हणून मी नवा मागितला तेव्हा ते म्हणाले, "जुना जमा करा."

"हरवलाय म्हणून तर मागतेय."

"मग हरवल्याची तक्रार लिहा. तक्रारदाराच्या रकान्यात सही करा. मग चोप्रासाहेबांची. मग माझी."

नऊ दिवस मी माउस बोटाने टिचक्या मारत चालवला.

*

सोमवारी दुपारी गोयलजींनीच उपाय सुचवला. मशीनसोबत आलेली रिकव्हरी सीडी त्यांच्या स्टीलच्या कपाटात होती. तीन सह्या करून मी ती मिळवली. बलजीतने टाकली. मशीन घरघरलं आणि उत्तर आलं, की ही सीडी या कॉम्प्युटरसाठी नाही.

"याचीच आहे," गोयलजी रागावले. "माझ्याकडे नंबर आहे."

"सीडी बोर्डावरची खूण बघते, जी. खूण जुन्या बोर्डावर गेली. हिच्या मते हे मशीन परकं आहे."

मी डोकं धरून बसले. बलजीत सीडीच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचत होता. वाचता वाचता त्याने पगडीवरून हात फिरवला. "मॅडमजी, देवाचे आभार माना. चालली असती तर मशीन पहिल्या दिवशी होतं तसं झालं असतं. आतलं सगळं साफ."

"म्हणजे नवंकोरं?" गोयलजी हळहळले.

*

मंगळवारी डिस्क काढून चोप्रासाहेबांच्या कॉम्प्युटरला जोडली. काहीच दिसेना. पूर्ण ऑफिसात नव्या सिस्टिमचं मशीन एकच होतं. चार महिने भांडून मिळवलेलं, माझं. बाकीच्यांची मशीनं जुनी, त्यांना माझी डिस्क वाचताच येईना. भांडून मिळवलेल्या वस्तूचा असा सूड मी पहिल्यांदा पाहिला.

"रिकामी दिसतेय," चोप्रासाहेब मदतीच्या उत्साहात म्हणाले. "फॉरमॅट करून बघू?"

मी त्यांचं मनगट धरलं. केबिनच्या काचेतून सगळा ब्युरो बघत होता, पण सोडलं नाही.

बलजीतच्या दुकानात नव्या सिस्टिमचं मशीन होतं. पण डिस्क ऑफिसबाहेर न्यायला गेटपास लागतो आणि गेटपासवर हेड ऑफिसची सही लागते.

"शनिवारपर्यंत पक्का," गोयलजी म्हणाले.

"माफी शुक्रवारच्या अंकात छापली जाईल, गोयलजी."

"त्याला गेटपास लागत नाही."

*

त्या रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करतो, त्यामुळे त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. चौदा वर्षांचा मुलगा मात्र ताटातून मान वर न करता म्हणाला, "आई, बॅकअप क्यों नहीं लिया?"

मराठी त्याला कळते. बोलत नाही. त्या दिवशी हिंदीही बोलला नसता तर बरं झालं असतं.

*

बुधवारी बलजीत सिस्टिमची साधी सीडी घेऊन आला. तिने फाइली न पुसता सिस्टिमची डागडुजी करता येते म्हणाला. "फक्त एक ध्यानात ठेवा, जी. रिपेअरसाठी आर दाबा, असं ती दोनदा विचारते. पहिल्यांदा दाबायचा नाही. पहिला आर भलत्याच ठिकाणी नेतो. दुसरा आपला."

पहिला आर आला. मागून गोयलजी म्हणाले, "दाबा, दाबा, विचारतेय ना."

बलजीतने त्यांना खुर्चीसकट दोन फूट मागे सरकवलं.

दुसरा आर दाबला. अर्ध्या वाटेत सीडीने मशीनचा परवाना क्रमांक मागितला. तो असतो कॅबिनेटला चिकटवलेल्या पट्टीवर. त्या पट्टीवर गोयलजींनी आपला इन्व्हेंटरीचा स्टिकर चिकटवला होता.

"काढता येणार नाही. ऑफिसची मालमत्ता आहे."

"खालची पट्टी कोणाची आहे?"

गोयलजींनी विचार केला. मग पॅन्ट्रीतून केटली आणून त्यांनी स्वतः वाफेवर तो स्टिकर इतक्या मायेने सोडवला की फाटला नाही. नंतर रजिस्टरमध्ये स्टिकर काढल्याची नोंद झाली. तीन सह्या.

*

गुरुवारी अडीच वाजता वकील आले. जाडजूड, मिशाळ, हातात टाइप केलेला माफीनामा. तेव्हाच मशीन सुरू झालं, पण आत घेईना. बोर्ड बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं होतं, आता कंपनीला फोन करून परवानगी घ्या म्हणत होतं. स्क्रीनवर आकड्यांची लांबलचक माळ. मी फोनवर वाचत होते, बलजीत बोट ठेवत होता, वकील घड्याळ बघत होते.

पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "ही सिस्टिम किती कॉम्प्युटरवर आहे, मॅम?"

"एकाच. पण तो जुना आहे की नवा, यावर इथे सोमवारपासून वाद चालू आहे."

बाईंनी आकडे दिले. तीनला सात मिनिटं कमी असताना माझा डेस्कटॉप दिसला. फाइल जागेवर होती.

मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. वकील मिशीतल्या मिशीत हसत होते. "हे तुम्ही काल रात्रीही टाइप केलं असेल."

"काल रात्री हे मशीन उघडतच नव्हतं. शिवाय तारीख बघा." मी पुढे वाचत राहिले. टाइप करताना कानावर पडेल ते सगळं उतरवायची माझी सवय आहे. "मशीनं विकली. आता लग्नं लावतो. लिहा बिनधास्त. कंसात, मध्येच कुत्र्यावर ओरडले, शेरू, सोफ्यावरून उतर, कंस पूर्ण."

वकिलांचं हसू थांबलं. "शेरूचं नाव तुम्हाला कसं माहीत?"

"मला नाही माहीत. फाइलला माहीत आहे."

त्यांनी नकळत उजवी पोटरी चोळली. मग माफीनामा घडी करून खिशात ठेवला आणि चोप्रासाहेबांना म्हणाले, "माझ्या अशिलाशी बोलून घेतो. त्यांच्या घरी जायचं मी जरा टाळतो."

माफी छापली नाही.

*

दोन महिन्यांनी चोप्रासाहेबांचा कॉम्प्युटर बंद पडला. नवा येईपर्यंत बलजीतने गोयलजींच्या स्टोअरमधल्या जमा मालातून तात्पुरतं एक मशीन जोडून दिलं. झकास चालू लागलं. मी आत डोकावले. बोर्डावर गोयलजींच्या अक्षरात चिठ्ठी होती: जळालेला. माझ्या टेबलाचा नंबर.

"बलजीत, हा जळाला होता ना?"

"रजिस्टरमध्ये तसं लिहिलं होतं, जी. मी बदलला. तपासायचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नाही."

मी लाल रजिस्टर मागितलं. शनिवारची नोंद होती. तक्रार, मदरबोर्ड जळाला. चोप्रासाहेबांची सही होती, ते न वाचता करतात. गोयलजींची होती. तक्रारदाराचा रकाना कोरा.

"गोयलजी, रबरी गोळ्याला माझी सही घेतलीत. इथे कोणाची?"

"तक्रार फोनवर आली होती. साइन सोमवारी घेणार होतो." गोयलजी पहिल्यांदाच माझी नजर चुकवत होते. "कोणी नाव सांगितलं नाही. मला वाटलं, आपल्यातलाच कोणी असेल. नीट ऐकूही येत नव्हतं, जी. मागे कुत्रा फार भुंकत होता."

ब्युरोत आम्ही सात जण होतो. कुत्रा सातांपैकी कोणाच्याही घरी नव्हता. त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. रकाना अजून कोराच आहे.